बोतेत पन्नास युरो: बास्क शहरांतली खाद्ययात्रा आणि तिचा खर्च

बिल्बाओच्या जुन्या शहरात प्लासा नुएवा नावाचा चौक आहे. चारही बाजूंना कमानी आणि कमानींखाली एकाला लागून एक बार. ऑक्टोबरअखेरच्या एका संध्याकाळी आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा झिरमिर पाऊस चालू होता. इथले लोक त्या पावसाला 'सिरिमिरी' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कमानीखाली सत्तरीच्या आसपासचे पाच गृहस्थ उभे होते. एकानं हात पुढे केला, बाकीच्या चौघांनी त्यावर वीस-वीस युरोची नोट ठेवली, त्यानं स्वतःचीही घातली आणि सगळ्या नोटा एका जुन्या चामडी पाकिटात गेल्या. पुढे दोन तास ही मंडळी आम्हाला तीन ठिकाणी भेटली. प्रत्येक ठिकाणी पैसे देणारा तोच एक हात.

या वर्गणीला 'बोते' म्हणतात. बोते म्हणजे डबा. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनीही बोते केला: मी, माझे यजमान, नणंद आणि तिचे यजमान. प्रत्येकी पन्नास युरो, एकूण दोनशे. खजिनदार वन्सं, कारण त्या मद्य घेत नाहीत आणि हिशेबाला पक्क्या. संध्याकाळच्या खाण्यापिण्याला ते दोनशे युरो दोन दिवसांहून थोडे जास्त पुरले. या लेखातले बरेचसे आकडे वन्संच्या वहीतून आले आहेत. रुपयांचा हिशेब एका युरोला १०५ रुपये धरून केला आहे. तुम्ही निघाल त्या दिवसाचा दर घालून तो पुन्हा करा.

खवय्या म्हणून तिकडे जाणाऱ्याला एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. बास्क शहरांत खाणं महाग नाही. बसून खाणं महाग आहे आणि झोपणं त्याहून महाग आहे. हे एकदा लक्षात आलं की सगळं अंदाजपत्रक बदलतं.

आधी नकाशा आणि पाट्या

बास्क लोकांची भूमी स्पेन आणि फ्रान्स या दोन देशांत विभागलेली आहे. स्पेनमधल्या स्वायत्त बास्क प्रदेशात तीन प्रांत येतात आणि तिघांची तीन शहरं: बिल्बाओ, सान सेबास्तियान आणि वितोरिया. नवारा हा शेजारचा वेगळा प्रदेश. पिरेनीज ओलांडली की फ्रान्समधला बास्क मुलूख, बायोन शहराचा.

इथली भाषा एउस्कारा. जगातल्या कुठल्याही जिवंत भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. मराठी आणि स्पॅनिश या लांबच्या का होईना, नातलग आहेत. एउस्कारा दोघींचीही कुणी लागत नाही. प्रवाशाच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की बसच्या पाटीवर सान सेबास्तियान न दिसता 'दोनोस्तिया' दिसू शकतं, बिल्बाओचं 'बिल्बो' होतं आणि वितोरियाचं 'गास्तेइस'. 'इर्तेएरा' म्हणजे बाहेर जायचा रस्ता, 'कोमुनाक' म्हणजे स्वच्छतागृह. 'काइशो' म्हणून आत शिरायचं आणि 'एस्केरिक आस्को' म्हणून आभार मानायचे. एवढ्या दोन शब्दांनी काउंटरमागच्या माणसाचा चेहरा कसा खुलतो ते मी आठ दिवस पाहिलं.

घर सोडण्याआधीचा खर्च

शेंगेन व्हिसाचं शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना काही नाही. त्यावर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क पडतं. माणशी अकरा-बारा हजार रुपये धरून चाला. विमान जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये बदलत असलं तरी मुख्य मुक्काम स्पेनमध्ये असेल तर अर्ज स्पेनकडेच करायचा. इथे अनेकांची गल्लत होते. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं. आठ-दहा दिवसांसाठी त्याला दीड-दोन हजार रुपये पडतात. स्पेनचा आणखी एक नियम लक्षात ठेवा: हाताशी पैसे किती असावेत हे तिथल्या मासिक किमान वेतनावरून ठरतं, दिवसाला त्याच्या दहा टक्के. २०२५ मध्ये ही रक्कम दिवसाला सुमारे ११८ युरो होती. बँकेच्या पासबुकात तेवढं दिसायला हवं. एकदम मोठी रक्कम शेवटच्या आठवड्यात भरण्यापेक्षा तीन-चार महिने खातं भरलेलं असणं बरं.

मुंबईहून बिल्बाओला थेट विमान नाही. फ्रँकफर्ट, म्युनिक, इस्तंबूल किंवा पॅरिसला एकदा बदलावं लागतं. तीन महिने आधी पाहिलं तर जाऊन-येऊन साठ ते ऐंशी हजार. माद्रिदपर्यंत स्वस्त मिळतं म्हणून तिकडे उतरलात तर पुढे बसचे चार-पाच तास आणि तिकीट धरा. आमच्या हिशेबात त्यातून फारसं काही सुटलं नाही.

पलंगाचा भाव

सान सेबास्तियानमध्ये एकाच खोलीचा भाव नोव्हेंबरमध्ये नव्वद युरो असतो आणि ऑगस्टमध्ये अडीचशे. खोली तीच, खिडकी तीच. जुलैत जाझ महोत्सव, ऑगस्टमध्ये 'आस्ते नागुसिया' म्हणजे मोठा आठवडा आणि सप्टेंबरमध्ये १९५३ पासून भरणारा चित्रपट महोत्सव. या काळात शहर भरतं आणि भाव चढतात. २० जानेवारीला ताम्बोरादा असते. त्या दिवशी मध्यरात्रीपासून पुढची मध्यरात्र होईपर्यंत अख्खं शहर ढोल बडवतं, आणि ढोल वाजवणाऱ्या अनेकांच्या अंगावर स्वयंपाक्याचे पांढरे कपडे आणि टोपी असते. तो दिवस पाहायचा असेल तर खोली सहा महिने आधी घ्या.

आम्ही तीन रात्री बिल्बाओ, तीन सान सेबास्तियान, दोन वितोरिया असे राहिलो. दोघांची खोली सरासरी ११० युरोला पडली, म्हणजे माणशी रात्रीला ५५. यात सर्वांत स्वस्त वितोरिया. ही बास्क सरकारची राजधानी आणि २०१२ ची युरोपची हरित राजधानी, तरी परदेशी प्रवासी तिला वगळून जातात. म्हणूनच खोली सत्तर-ऐंशीला मिळते. तिथे गुरुवारी जा. 'पिंचो-पोते'च्या संध्याकाळी ठरलेल्या बारांमध्ये एक पेय आणि एक घास मिळून दोन-तीन युरो घेतात आणि शहरातली तरुण मुलं रस्त्यावर ओसंडून वाहतात. सान सेबास्तियानच्या ग्रोस भागातही गुरुवारी हाच बेत असतो.

खोली घेताना जुन्या शहराच्या मधोमध घेऊ नका. आमची पहिली खोली तशी होती. खाली रात्री दीडपर्यंत गप्पा आणि पहाटे बाटल्या उचलायची गाडी. पुलापलीकडे दहा मिनिटं चालत गेलं की तेवढ्याच पैशांत झोप मिळते.

उभ्यानं खाणं

पिंचो हा शब्द टोचण्यावरून आला. पावाच्या तुकड्यावर काहीतरी रचायचं आणि ते घसरू नये म्हणून काडी टोचायची. आता पाव नसतो, काडीही नसते, पण आकार तोच राहिला आहे: दोन-तीन घासांचा. यातला सगळ्यात साधा आणि माझ्या मते सगळ्यात नेमका पिंचो म्हणजे 'हिल्दा'. एका काडीला हिरवं ऑलिव्ह, खारवलेली आनचोआ मासळी आणि इबारा गावच्या लोणच्यातल्या दोन-तीन लांब हिरव्या मिरच्या. एवढंच. सान सेबास्तियानच्या कासा वायेस या बारमध्ये हा घडला आणि १९४६ च्या 'गिल्डा' या चित्रपटावरून त्याला नाव पडलं. काडी एका दमात तोंडात ओढायची. आधी खारट, मग आंबट, मग मिरचीचा हलका चटका आणि शेवटी ऑलिव्ह तेलाचा गुळगुळीतपणा. ताटात डावीकडे लोणचं वाढणाऱ्या माणसाला हा क्रम अनोळखी नाही.

वन्संच्या वहीतलं एका बारमधलं बिल असं: तीन हिल्दा ७.५०, बटाट्याच्या तोर्तियाचा एक तुकडा २.८०, तीन पेले चाकोली ८.४०, एक मोस्तो २.२०. एकूण २०.९० युरो, म्हणजे चौघांचे मिळून सुमारे बावीसशे रुपये. माणशी पाच-सव्वापाच युरो. चाकोली ही इथली किंचित बुडबुडणारी आंबटसर पांढरी वाइन. बाटली उंच धरून पेल्यात ओततात. मोस्तो म्हणजे द्राक्षाचा रस, मद्य न घेणाऱ्यांची सोय. लहान बिअर हवी असेल तर 'सुरितो' मागा, दोन युरोच्या आसपास. अशा चार बारमध्ये एक-एक थांबा घेतला की संध्याकाळचं जेवण झालं. माणशी वीस-बावीस युरो.

पैसे कुठे वाढतात तेही सांगते. काउंटरवर मांडलेले थंड पिंचो अडीच ते चार युरोंचे. फळ्यावर खडूनं लिहिलेले, आतून गरम येणारे चार ते सात. चव बहुतेक वेळा फळ्यावरच्यांत असते. म्हणून ताटली घेऊन काउंटरवरचे सहा प्रकार भरायचे नाहीत. शेजारचा माणूस काय मागवतो ते पाहायचं, एकच घ्यायचं आणि पुढच्या बारला जायचं. प्रत्येक बारची एकेका पदार्थात ख्याती असते. सान सेबास्तियानच्या ला विन्यामध्ये जळक्या पाठीचा चीजकेक, जो तिथले सान्तियागो रिवेरा १९९० च्या सुमारास करू लागले आणि जो आज मुंबई-पुण्याच्या कॅफेंमध्येही मिळतो. नेस्तोर बारमध्ये तोर्तिया दुपारी एक आणि रात्री एक एवढीच होते. तासभर आधी जाऊन नाव नोंदवलं तरच तुकडा मिळतो.

दुसरी वाढ टेबलाची. अनेक ठिकाणी बाहेर, छत्रीखाली बसलं की तोच पिंचो महाग होतो. पाटीवर 'बार्रा' आणि 'तेर्रासा' असे दोन भाव लिहिलेले असतात. पहिला उभ्याचा, दुसरा बाहेर बसल्याचा. आम्ही एकदा पाटी न वाचता बसलो आणि बिलावर पाच युरो जास्त आले. चूक आमची होती, पण तुमची होऊ नये.

तिसरी पाण्याची. बाटलीबंद पाणी दोन-अडीच युरो घेतं. स्पेनमध्ये २०२२ च्या कायद्यानं हॉटेलांनी नळाचं पाणी फुकट द्यायचं आहे. 'आग्वा देल ग्रिफो' म्हणा. पाणी चांगलं असतं, आम्ही आठही दिवस तेच प्यायलो.

आणि चौथी आपल्याच कार्डाची. यंत्र विचारतं, रक्कम रुपयांत की युरोत. नेहमी युरो निवडा. रुपये निवडले की यंत्रवाल्याचा दर लागतो आणि शेकडा चार-पाच जास्त जातात. साध्या क्रेडिट कार्डावर बँक साधारण साडेतीन टक्के लावते, म्हणून फॉरेक्स कार्ड बरं. टिप बंधनकारक नाही. सुटे सेंट ठेवले तरी चालतं.

पैसे शेवटी द्यायचे असतात, आणि काय खाल्लं ते आपणच सांगायचं. बारवाला मान डोलावतो आणि आकडा बोलतो. गर्दीत त्याला काही दिसलेलं नसतं. तुमच्या शब्दावर तो बिल करतो, त्या शब्दाला जागा. हाच विश्वास इथल्या 'चोको'मध्ये दिसतो. चोको म्हणजे पाककलेचे क्लब. सान सेबास्तियानची उनिओन आर्तेसाना ही संस्था १८७० पासून आहे. सभासद स्वतः रांधतात, कोठारातलं तेल, वाइन, कांदे घेतात, घेतलं ते लिहितात आणि पैसे पेटीत टाकतात. पूर्वी ही पुरुषांचीच मिरास होती, बायकांना स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता; आता बऱ्याच ठिकाणी नियम सैल झाले आहेत. तिथे तिकीट काढून जाता येत नाही, कुणी बोलावलं तरच. बोलावलं तर नक्की जा आणि सोबत घरचा फराळ न्या.

दुपारचं ताट

बसून जेवायचं तर दुपारी आणि कामाच्या दिवशी. 'मेनू देल दिया' म्हणजे दिवसाचं ताट: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, गोड, पाव आणि पाणी किंवा वाइन, सगळं मिळून १५ ते २० युरो. शनिवार-रविवारी हेच ताट पंचवीस-तीसला जातं. वेळ दीड ते साडेतीन. चार वाजता स्वयंपाकघर बंद होतं ते रात्री साडेआठपर्यंत. भूक आपल्या घड्याळानं लागते, म्हणून पिशवीत काहीतरी ठेवा.

बिल्बाओत अशाच एका सतरा युरोंच्या ताटात मी बाकालाओ पिल-पिल खाल्लं आणि ते होताना पाहिलं. आमचं टेबल स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून होतं. कॉड मासा मिठात सुकवलेला असतो. आधी दीड-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात. कोकणात खारवलेला मासा धुऊन घेतात तसंच, फक्त धीर मोठा. मातीच्या पसरट भांड्यात ऑलिव्ह तेल, लसूण, सुकी मिरची. लसूण बाजूला काढून मंद आचेवर मासा, कातडी वर. मग त्या बाईंनी भांडं दोन्ही हातांनी धरून गोल गोल हलवायला सुरुवात केली. पळी नाही, पीठ नाही, मलई नाही. माशाच्या कातडीतला चिकटा तेलात उतरत गेला आणि दहाएक मिनिटांत पातळ पिवळं तेल दाटसर, दुधाळ झालं. मनगटांचं काम सगळं. शेवटी भांडं खाली ठेवलं तेव्हा त्या दोन्ही मनगटं एकमेकांवर चोळत होत्या. सतरा युरोंत त्या मनगटांचं मोल होत नाही, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

किलोचा भाव नीट वाचा

इथे सर्वांत मोठी गफलत होते, म्हणून थांबून सांगते. चुलेता म्हणजे मोठ्या जनावराच्या मांसाचा हाडासकट निखाऱ्यावर भाजलेला जाड तुकडा. अख्खा मासाही असाच जाळीवर भाजतात. गेतारिया गावचा रोदाबायो, म्हणजे टर्बट, त्यासाठी प्रसिद्ध आहे. यादीत यांच्यासमोर लिहिलेला आकडा ताटाचा नसतो, किलोचा असतो. चुलेता किलोला पन्नास ते सत्तर युरो, टर्बट ऐंशी-शंभर. मासा दीड किलोचा निघाला तर बिल दीडशेला पोचतं. काही ठिकाणी आकडाच नसतो, 'एस/एम' लिहिलेलं असतं, म्हणजे बाजारभावाप्रमाणे. मागवण्याआधी वजन आणि रक्कम दोन्ही विचारा. यात कुणाला वावगं वाटत नाही, कित्येकदा कच्चा मासा टेबलापाशी आणून दाखवतात. किलोभर चुलेता तिघांना होते.

भाजलेलं खायचं आणि वातावरणही अनुभवायचं तर 'सगार्दोतेगी' गाठा, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाचं, सायडरचं कोठार. सान सेबास्तियानजवळच्या आस्तिगारागा गावात ती एकापुढे एक आहेत. ठरलेलं ताट: कॉडचं ऑम्लेट, मिरच्या-कांद्यासोबत कॉड, चुलेता आणि शेवटी इदियासाबाल चीज, बिहीचा मुरांबा, अक्रोड. माणशी ४० ते ५० युरो, सायडर हवं तेवढं. मधेच कुणीतरी 'चोच!' असं ओरडतं, सगळे पेले घेऊन उठतात आणि पिंपाला पाडलेल्या भोकातून येणारी बारीक धार रांगेनं झेलतात. पेल्यात दोन बोटं, एका घोटात संपवायचं. खरा हंगाम जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. काही कोठारं वर्षभर उघडी असतात आणि आम्ही ऑक्टोबरात गेलो ते अशाच एकात. तिकडे बसनं जा, गाडी चालवू नका.

तीन तारकांच्या उपाहारगृहांबद्दल थोडक्यात. १९७६ च्या सुमारास हुआन मारी आर्साक, पेद्रो सुबिहाना आणि त्यांच्या सोबत्यांनी नवं बास्क पाकशास्त्र उभं केलं, आणि आज सान सेबास्तियान परिसरात आर्साक, आकेलार्रे आणि मार्तिन बेरासातेगी ही तीन तारकांची तीन नावं आहेत. तिथला पूर्ण बेत माणशी अडीचशे युरोंच्या पुढे, पेय वेगळं. दोघांचे साठ हजार रुपये एका जेवणाला. ज्याला ते कळतं आणि परवडतं त्यानं अवश्य जावं, दोन-तीन महिने आधी नोंदवून. आम्ही ते पैसे दोन जास्तीच्या मुक्कामांना लावले.

शाकाहारी माणसाचं काय

वन्सं अंडं खातात, मासे-मांस नाही. आठ दिवसांत त्या उपाशी राहिल्या नाहीत, पण दर वेळी विचारावं लागलं. 'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. ट्यूना आणि हामोन, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, यांना अनेक जण त्यात मोजत नाहीत. 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन' असं पूर्ण म्हणा. भरवशाचे पदार्थ: बटाट्याची तोर्तिया, गेर्निकाच्या कोवळ्या हिरव्या मिरच्या तळून वर जाड मीठ (सहा-आठ युरो, दोघांना पुरेत), अंड्याच्या बलकासोबत परतलेली रानअळिंबी, नवाराचा पांढरा शतावरीचा कोंब. तोलोसाचा काळा घेवडा फार सुंदर असतो, पण तो बहुधा सॉसेज घालून शिजवलेला असतो. इदियासाबाल चीज मेंढीच्या दुधाचं. ते विरजायला कोकराच्या पोटातला रेनेट वापरतात, कडक शाकाहाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. 'मामिया' हे मेंढीच्या दुधाचं विरजलेलं गोडही त्यातच आलं. जैन मंडळींनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. बिल्बाओच्या ला रिबेरा बाजारात भाजी उत्तम मिळते.

वन्संना खरा आनंद झाला तो गेर्निकाला. २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी हे गाव बेचिराख केलं, तो सोमवार होता, बाजाराचा दिवस. सोमवारचा बाजार आजही भरतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी त्याची मोठी जत्रा होते. बिल्बाओहून तासाभराचा प्रवास, दोघांचं भाडं मिळून कॉफीच्या दोन पेल्यांएवढं. तिथे एक आजी मक्याच्या पिठाचा गोळा फळीवर घेऊन तळव्यानं थापत होत्या. गोल फिरवत, कडा बोटांनी सावरत. मग तापल्या लोखंडी तव्यावर. त्या भाकरीला 'तालो' म्हणतात. त्यात चिस्तोरा नावाचं सॉसेज गुंडाळून देतात, पण चीज घालून किंवा चॉकलेट लावूनही मिळतो. पाच युरो. वन्सं तिथून हलेनात. त्यांनी हातानं थापायची खूण केली, आजींनी पीठ लावलेला गोळा पुढे सरकवला, आणि वन्संनी त्यावर आपली भाकरी थापून दाखवली. आजी मोठ्यानं काहीतरी बोलल्या, आजूबाजूचे हसले. आम्हाला शब्द कळला नाही, पण पुढच्या तालोचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

फिरणं आणि पाहणं

बिल्बाओच्या विमानतळावरून शहरात येणारी बस तीन-चार युरो. तिथूनच सान सेबास्तियानला थेट बस आहे, सव्वा तास, वीस युरोंच्या आत. दोन्ही शहरांदरम्यान बस हाच मार्ग धरा. एउस्कोत्रेन ही छोटी रेल्वे स्वस्त आहे पण अडीच तासांच्या वर घेते. बिल्बाओत उतरल्या उतरल्या बारिक कार्ड घ्या. कार्डाचे तीन युरो, पण मेट्रोचं भाडं सुट्या तिकिटाच्या जवळपास निम्मं होतं, आणि नाव नसलेलं एकच कार्ड चौघांना वापरता येतं.

गुगेनहाइम संग्रहालय १९९७ मध्ये उघडलं, फ्रँक गेरी यांचं. तिकीट पंधरा-अठरा युरो. वेळ किंवा पैसे कमी असतील तर इमारतीभोवती फिरा. फुलांचा कुत्रा आणि प्रचंड कोळी बाहेरच आहेत. त्याहून मला जास्त भावला तो १८९३ चा बिस्काया पूल. नदीवर उंच लोखंडी तुळई आणि तिला तारांनी टांगलेली होडीसारखी गाडी माणसं-मोटारी पलीकडे नेते. जागतिक वारसा आहे आणि चालत जाणाऱ्याला अर्ध्या युरोच्या आसपास पडतो. सान सेबास्तियानचा ला कोंचा किनारा, उर्गुल डोंगर, चिलिदा यांची खडकांत रोवलेली लोखंडी शिल्पं, सगळं फुकट; सान तेल्मो संग्रहालय मंगळवारी फुकट. जुन्या शहरात '३१ ऑगस्ट' नावाची गल्ली आहे. १८१३ मध्ये त्या दिवशी इंग्रज आणि पोर्तुगीज सैनिकांनी शहर लुटून जाळलं. ही गल्ली तेवढी वाचली. आज तिथेच पिंचोंचे सर्वांत गजबजलेले बार आहेत.

'तोपो' म्हणजे चिचुंद्रीसारखा बिळातून जाणारा प्राणी. त्या नावाची लोकल सान सेबास्तियानहून अर्ध्या-पाऊण तासात तीनेक युरोंत फ्रान्समधल्या ऑन्दाय गावात सोडते. पुढे बायोनचं चॉकलेट आणि हॅम. व्हिसा तोच चालतो, पासपोर्ट मात्र जवळ हवा. या बाजूच्या एस्पेलेत गावची लाल मिरची घरांच्या भिंतींवर माळा करून वाळवतात. आपली मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली, यांची खलाशांबरोबर या किनाऱ्याला; दोघींचं माहेर अमेरिकाच.

गोव्याचं आणखी एक नातं नवारात आहे. ज्यांचे अवशेष जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये पाम्प्लोनापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या हाविएर किल्ल्यात जन्मले. बास्क ही त्यांची घरची भाषा, आणि 'झेवियर' हे नाव 'एचे बेरी' या बास्क शब्दांवरून आलेलं: नवं घर. गोव्याच्या घराघरात हे नाव आहे. पाम्प्लोनाला दिवस काढणार असाल तर किल्ल्यासाठी अर्धा दिवस जोडा. बसेस कमी आहेत, वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा.

एकूण किती

माणशी आठ रात्रींचा आमचा हिशेब: मुक्काम ४४० युरो, खाणं दिवसाला ४५ प्रमाणे ३६०, आणि सगार्दोतेगी व एक माशाचं जेवण यांचे वरचे ८०, बस-रेल्वे ७०, तिकिटं ५०. बरोबर हजार युरो, म्हणजे १,०५,००० रुपये. विमान, व्हिसा, विमा यांचे सुमारे ८५ हजार. एकोणीस-वीस दिवस आधी धावपळ न करता चार महिने आधी सगळं केलं तर माणशी एक लाख नव्वद हजारांत बसतं. ऑगस्टमध्ये जाल तर मुक्कामाचाच आकडा दुप्पट धरा.

घरी आणायला: आनचोआचा डबा आठ ते पंधरा युरो, एस्पेलेतची पूड सहा-सात, तोलोसाचा घेवडा किलोला दहा-पंधरा. महागाची वस्तू घेतली तर दुकानात 'दीवा' पावती मागा. स्पेनमध्ये परदेशी प्रवाशाला कर परत मिळण्यासाठी खरेदीची किमान मर्यादा नाही. विमानतळावर बॅग जमा करण्याआधी यंत्रावर ती पावती दाखवायची.

शेवटच्या सकाळी वन्संनी बोतेची पिशवी उलटी केली. चौदा युरो होते. बिल्बाओत लोण्याची मलई भरलेला एक लुसलुशीत पाव मिळतो, 'बोयो दे मांतेकिया'. चार कॉफ्या ७.६०, तीन पाव ६.३०. एक पाव माझ्यात आणि यजमानांत अर्धा-अर्धा. बसचे पैसे कार्डावर होते. उरलेले दहा सेंट वन्संनी वहीच्या शेवटच्या पानात चिकटपट्टीनं लावून ठेवले आहेत.